एसजीएस-थॉमसनची चिप असलेलं हे पीसीआय कार्ड नक्की कुठलं? (ओळख आणि टेस्टिंग)

जुनाडबा (धागाकर्ता)
मंडळी, मदत हवीये. जुन्या पार्टांच्या एका लॉटमध्ये एक पीसीआय कार्ड (जुन्या पीसीच्या स्लॉटमध्ये बसणारं) आलंय, बॉक्स नाही, कंपनीचा स्टिकर नाही, बोर्डवर कंपनीचं नाव कुठेच छापलेलं नाही. मधल्या मोठ्या चिपवर एसजीएस-थॉमसन आणि त्याखाली एसटीजी२००० असं वाचता येतं, पुढची अक्षरं घासली गेलीयेत. मागे व्हीजीएचा पंधरा पिनचा सॉकेट आहे ते ठीक, पण त्याच पट्टीवर ऑडिओचे जॅक पण आहेत, आणि रिबन केबलने जोडलेली अजून एक वेगळी पट्टी आहे जिच्यावर दोन चपटे नऊ पिनचे सॉकेट आहेत, सिरियल पोर्टसारखे नाहीत, असले मी कुठल्याच पीसीवर बघितले नाहीयेत. मेमरीच्या चार चिपा, आणि कडेला सॉकेटमध्ये बसवलेली रॉम (कार्डाचा स्वतःचा प्रोग्राम असलेली चिप). टीव्ही ट्यूनर म्हणावं तर ट्यूनरचा डबा नाही. साउंड कार्ड म्हणावं तर व्हीजीए कशाला.

अजून पॉवर दिलेली नाही. फोटो टाकलेत, दोन्ही बाजूंचे.

निवांत
लावून बघा की राव डायरेक्ट. चाललं तर चाललं, नाही तर भिंतीवर फ्रेम करून लावा.

सोल्डरसम्राट
निवांतरावांचं ऐकू नकोस. आधी लावायचं आणि मग विचार करायचा हे दहा ठिकाणी मिळणाऱ्या कार्डासाठी ठीक आहे. याचं दुसरं कुठे मिळणार?

पॉवर द्यायच्या आधी पुढचं कर. चांगल्या उजेडात भिंगाखाली दोन्ही बाजू बघ, उडालेले छोटे कपॅसिटर, वाकलेले चिपांचे पाय, ओरखड्याने तुटलेले ट्रेस (बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा). लॉटमधून आलेल्या कार्डाला बहुतेक वेळा हेच झालेलं असतं, एकावर एक रचून ठेवतात आणि वरच्या कार्डाची लोखंडी पट्टी खालच्याच्या चिपांवर घासते. मग मल्टीमीटर घेऊन पाच व्होल्टच्या पिना आणि ग्राउंड यांच्यात रेझिस्टन्स बघ, सरळ शॉर्ट दाखवत असेल तर तिथेच थांब. बारा व्होल्टचंही तसंच बघ, ऑडिओचा भाग बहुतेक त्याच्यावर चालत असणार. कनेक्टरच्या कडेला जी खाच आहे ती कुठे आहे बघ, पट्टीपासून लांबच्या टोकाकडे असेल तर पाच व्होल्टचं कार्ड, पट्टीच्या जवळ असेल तर ३.३ व्होल्टचं. आणि सोनेरी दात आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पूस, खोडरबर नको, त्याने सोनं जातं.

रॉमवर जो पांढरा स्टिकर आहे तो काढू नकोस. खाली काचेची खिडकी असली तर उजेडाने हळूहळू डेटा पुसला जातो.

चौकोनी
अरे देवा. जुनाडबा, बसून वाचा.

ते दोन चपटे सॉकेट सेगाच्या सॅटर्न या गेम कन्सोलच्या गेमपॅडचे आहेत. हे एनव्हिडियाचं पहिलं कार्ड आहे, म्हणजे त्या चिपचं, एनव्ही१. कंपनी १९९३ ला सुरू झाली आणि १९९५ ला हे पहिलं प्रॉडक्ट आलं. चिप बनवायची एसजीएस-थॉमसन (हीच पुढे १९९८ ला एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स झाली), आणि साध्या डीरॅमवर चालणारी जी आवृत्ती होती ती ते स्वतःच्या एसटीजी२००० या नावाने काढायचे, व्हीरॅमवाली (खास व्हिडिओसाठीची मेमरी) महागडी ती एनव्ही१ म्हणून. सगळ्यात माहितीतलं कार्ड म्हणजे डायमंडचं एज ३डी. त्यामुळे तुमच्या चिपवर एनव्हिडियाचं नाव नाही यात काही गडबड नाही.

एकाच चिपमध्ये टूडी, थ्रीडी, साउंड आणि गेमपॅड, चारही गोष्टी. साउंड फक्त वाजवायचा, रेकॉर्डिंग नाही. म्हणून ते जॅक.

जुनाडबा
काय सांगताय! म्हणजे आत्ताच्या त्या एनव्हिडियाचंच?

सोल्डरसम्राट, तुम्ही सांगितलेलं केलं. शॉर्ट कुठे नाहीये. खाच लांबच्या टोकाला आहे, म्हणजे पाच व्होल्ट. चिपांवरचे तारखेचे आकडे बघितले, मोठ्या चिपवर ९५ ने सुरू होणारा चार आकडी नंबर आहे, मेमरीवर पण ९५च. मेमरीवरच्या नंबरची डेटाशीट सापडली, २५६के बाय १६.

सोल्डरसम्राट
मग हिशोब सोपा. २५६के बाय १६ म्हणजे एक चिप ५१२ केबी, अशा चार म्हणजे २ एमबी. आणि १६ गुणिले ४ म्हणजे ६४ बिटांची बस, मेमरी आणि मोठ्या चिपमधली वाट. चारही चिपा एकाच वेळी वापरात असतात हे डोक्यात ठेव, पुढे उपयोगी पडेल. तारखेचे पहिले दोन आकडे वर्ष, पुढचे दोन आठवडा. सगळ्या चिपांचे आठवडे जवळजवळचे असतील तर कार्डावर नंतर कोणी काही बदललेलं नाही असं धरायला हरकत नाही.

पिक्सेलवाली
वाचनखूण साठवली! एक शंका, हे एवढं पहिलंवहिलं कार्ड असून कोणाला माहीत का नाही? त्या काळचं व्हूडू कार्ड सगळ्यांना पाठ आहे, एनव्हिडियाचंच रिव्हा १२८ पण आठवतं.

चौकोनी
पिक्सेलवाली, कारण ते आपटलं. आणि का आपटलं ते या धाग्याला धरूनच आहे कारण टेस्टिंग करताना तेच आडवं येणार आहे.

आजचं कुठलंही कार्ड घ्या, ते त्रिकोण काढतं. एनव्ही१ चा पाया त्रिकोण नव्हताच, चौकोन होता, आणि तोही सपाट नाही तर वाकवता येणारा, म्हणजे क्वाड्राटिक पृष्ठभाग. गोल वस्तू काढायची तर त्रिकोणवाल्याला शेकडो तुकडे लागतात, याला वाकलेले थोडेच पुरतात. कागदावर फार सुंदर कल्पना, आणि १९९५ मध्ये मेमरी महाग, बस हळू, तर कमी तुकड्यांत काम होणं ही मोठीच गोष्ट होती. सॅटर्नसुद्धा चौकोनांवरच चालायचा, म्हणून सेगाचे खेळ इकडे आणणं सोपं गेलं. पँझर ड्रॅगून, व्हर्च्युआ फायटर रिमिक्स, व्हर्च्युआ कॉप हे एनव्ही१ साठी आले ते असे. पॅडचे सॉकेट पण त्यामुळेच.

पण १९९६ च्या मध्याला मायक्रोसॉफ्टचं डायरेक्ट३डी (खेळांनी थ्रीडी कार्डाशी बोलायची विंडोजची पद्धत) आलं आणि ते ठार त्रिकोणवालं. झालं. एका बाजूला अख्खी इंडस्ट्री आणि एका बाजूला हे एक कार्ड. चौकोनाचे दोन कोपरे एकत्र चिकटवून त्रिकोण करता येतो, सॅटर्नवर लोक करायचेच, पण मग टेक्श्चर (पृष्ठभागावर चिकटवलेलं चित्र) त्या टोकाला चिमटून बसतं, चादरीचं एक टोक मुठीत धरल्यासारखं. नवे खेळ यासाठी कोणी लिहिनात. १९९७ ला रिव्हा १२८ आलं ते सरळ त्रिकोणवालं, आणि तिथून कंपनी उभी राहिली, म्हणून लोकांना ते आठवतं.

मधल्या काळात सेगाच्या पुढच्या कन्सोलसाठी एनव्ही२ चं काम चालू होतं, तेही चौकोनांवरच. ते अर्धवट राहिलं आणि त्या कन्सोलमध्ये, म्हणजे ड्रीमकास्टमध्ये, पॉवरव्हीआर ही दुसरी चिप गेली. तरी सेगाने कंपनीत ५० लाख डॉलर घातले, एनव्हिडियाचे सहसंस्थापक जेन्सन हुआंग यांनी स्वतः जाहीर भाषणात सांगितलंय की ते पैसे आले नसते तर कंपनी बुडाली असती.

निवांत
म्हणजे मी फ्रेम करायला सांगत होतो ते बरोबरच होतं की!

आकडेमोड
मस्त माहिती पण मुद्द्यावर या. जुनाडबा, कार्ड चालू झालं की थ्रीडीमार्क९९ (थ्रीडीचा वेग मोजणारा प्रोग्राम) चा स्कोर टाका, व्हिर्ज आणि रेज या त्याच काळातल्या कार्डांच्या आकड्यांशी लावून बघू. आकड्याशिवाय सगळ्या गप्पा.

चौकोनी
आकडेमोड साहेब, वर काय लिहिलंय ते वाचलंत का. थ्रीडीमार्क९९ डायरेक्ट३डीवर चालतं, डायरेक्ट३डीला त्रिकोण लागतात. आकडा येईल तो शून्य, आणि त्याने कार्डाबद्दल कळेल तेही शून्य. जे काम करायला ते बनवलंच नाही त्या कामात नापास ठरवून काय मिळणार? याची टेस्ट म्हणजे यासाठी लिहिलेले खेळ, याचा साउंड, याचे पॅड.

आकडेमोड
बरं बरं, टूडीचा आकडा तरी? तिथे तर त्रिकोण-चौकोन भानगड नाही.

चौकोनी
टूडी चालेल. विंडोजचा डेस्कटॉप मोजा हवा तर. डॉसमध्ये मोजू नका, याचा व्हीजीए भाग पूर्ण अस्सल नाही, डॉसचे काही खेळ त्यावर गंडतात, मग दोष कार्डाचा की त्या खेळाचा यावर अजून शंभर प्रतिसाद पडतील.

सोल्डरसम्राट
धाग्याचं काश्मीर व्हायच्या, म्हणजे वादात भरकटायच्या आत टेस्टिंगकडे येऊ.

जुनाडबा, पहिल्यांदा पॉवर देताना या कार्डाला मुख्य कार्ड करू नकोस. असा बोर्ड घे ज्यात एजीपीचा (फक्त ग्राफिक्स कार्डासाठीचा) स्लॉट पण आहे आणि पीसीआयचे पण, जो मेला तरी वाईट वाटणार नाही. एजीपीमध्ये एखादं साधं चालू कार्ड लाव, बायोसमध्ये पहिला डिस्प्ले एजीपी कर, आणि हे पीसीआयमध्ये नुसतं बसव. वेगळी पट्टी आणि रिबन आत्ता लावू नकोस. एखादं हलकं लिनक्स सुरू करून एलएसपीसीआय ही कमांड एन-एन देऊन चालव, कार्डाचा आयडी दिसेल. आयडी दिसला म्हणजे चिप जिवंत आहे आणि बसवर बोलतेय, निम्मं टेन्शन गेलं.

आणि त्याच वेळी रॉमची कॉपी घे, दुसरं काहीही करायच्या आधी. लिनक्सच्या सिसएफएस मध्ये (जिथे हार्डवेअर फाइलींसारखं दिसतं) त्या डिव्हाइसच्या फोल्डरमध्ये रॉम नावाची फाइल असते, तिच्यात १ लिहायचं, मग कॉपी करायची, मग ० लिहायचं. तुझी रॉम सॉकेटमध्ये आहे म्हणजे नंतर ती काढून प्रोग्रामरवर पण वाच आणि दोन्ही फाइली एकमेकींशी ताडून बघ.

जुनाडबा
केलं! आयडी आला १०४ए:०००८.

१०४ए म्हणजे कोण? एनव्हिडियाचा तर १०डीई असतो ना?

चौकोनी
आयडीचा पहिला भाग कंपनीचा नंबर, १०४ए म्हणजे एसजीएस-थॉमसन. एनव्ही१ पीसीआयच्या यादीत तीन ठिकाणी सापडतो, १०४ए खाली, १०डीई खाली, आणि १२डी२ खाली जो या दोघांचा मिळून घेतलेला नंबर आहे. रिव्हा १२८ पण त्या १२डी२ खालीच आहे. तुमच्या चिपवर एसटीजी२००० आहे तर १०४ए अगदी जुळतंय.

सोल्डरसम्राट
छान. रॉमचं काय झालं?

जुनाडबा
दोन्हीकडून घेतली, दोन्ही फाइली सारख्याच निघाल्या. ३२ केबी आहे. हेक्स एडिटरमध्ये उघडली पण त्यात काय बघायचं ते कळेना.

सोल्डरसम्राट
पहिले दोन बाइट ५५ एए असायला हवेत. तिसरा बाइट म्हणजे ५१२ बाइटांचे किती तुकडे, ३२ केबी असेल तर तिथे हेक्समध्ये ४० दिसेल. हेक्स १८ या जागी एक पत्ता असतो, त्या पत्त्यावर गेलास की पीसीआयआर ही चार अक्षरं दिसतील आणि त्यांच्या लगेच पुढे व्हेंडर आणि डिव्हाइसचा नंबर, बाइट उलटे लिहिलेले, म्हणजे ४ए १० ०८ ००. आणि सगळ्या बाइटांची बेरीज केली की शेवटचे दोन हेक्स आकडे ०० यायला हवेत. हे सगळं जुळलं तर रॉम ठणठणीत.

रच्याकने (बाय द वे), डॉसमध्ये डीबगने सी००० वरून पण कॉपी घेता येते पण ती रॅममधली कॉपी असते, बायोस सुरू होताना स्वतःत बदल करू शकतो, म्हणून पुराव्याला ती धरू नये.

जुनाडबा
सगळं जुळलं, बेरीज पण ००. फाइल तीन ठिकाणी ठेवली.

मग धीर करून एजीपी काढलं आणि हेच मुख्य कार्ड केलं. पोस्ट (पीसीची सुरुवातीची तपासणी) झालं, एकच बीप. चित्र आलं!! पण ठराविक अंतरावरची अक्षरं भलतीच दिसत होती. विंडोज ९५ टाकलं, ड्रायव्हर टाकला, २५६ रंगांमध्ये डेस्कटॉप आला आणि सगळ्या स्क्रीनवर बारीक उभ्या रेघा, वरपासून खालपर्यंत, एकसारख्या अंतराने, कचरा रंगांच्या. माउस हलवला तरी रेघा जागच्या हलत नाहीत. मेमरी गेली का? चारही बदलायच्या का?

पिक्सेलवाली
केबल किंवा मॉनिटर तर नाही ना? माझ्याकडे एका कार्डाचा लाल रंगच गायब होता, ती कनेक्टरची वाकलेली पिन निघाली.

सोल्डरसम्राट
केबल असती तर पूर्ण स्क्रीनचा एक रंग गेला असता, डॅक (आकड्यांचा मॉनिटरसाठी सिग्नल करणारा भाग) गेला असता तरी तसंच. एकसारख्या अंतराच्या उभ्या रेघा म्हणजे मेमरीच. पण लगेच चार चिपा उपसू नकोस, रेघाच सांगतील कुठे बघायचं ते.

२५६ रंगांत एक पिक्सेल म्हणजे एक बाइट. बस ६४ बिटांची म्हणजे एका दमात आठ पिक्सेल, चार चिपा आणि प्रत्येकीच्या वाट्याला शेजारशेजारचे दोन. अख्खी चिप मेली असेल तर दर आठात दोन रेघा खराब दिसतील. दर आठात एकच रेघ असेल तर एका चिपचा अर्धा भाग, म्हणजे एक बाइट. आणि रेघेत फक्त काही रंग चुकत असतील, बाकी चित्र ओळखू येत असेल, तर एखादाच बिट.

स्क्रीनचा फोटो काढ, झूम करून डावीकडून मोज. मग १६ बिट रंगांत टाकून परत मोज.

जुनाडबा
२५६ रंगांत दर आठात एकच रेघ, सहावी. पूर्ण कचरा.
१६ बिटमध्ये दर चारात तिसरी, पण तिथे चित्र बऱ्यापैकी कळतंय, निळा बरोबर येतोय, लाल पूर्ण चुकतोय.

सोल्डरसम्राट
बघ कसं जमतंय. आठातला सहावा बाइट म्हणजे तिसऱ्या जोडीतला दुसरा, १६ बिटमध्ये तीच जोडी म्हणजे तिसरा पिक्सेल. १६ बिट रंगांत लाल वरच्या बाइटमध्ये असतो आणि निळा खालच्या. तर तिसऱ्या जोडीच्या चिपचा वरचा बाइट गेलाय, खालचा चालू आहे.

या बाय १६ चिपांना वरच्या आणि खालच्या बाइटसाठी कॅसची (मेमरीतल्या स्तंभाचा पत्ता घ्यायचा इशारा) वेगवेगळी पिन असते. आठही डेटा पिना एकदम खराब व्हायची शक्यता कमी, एक कॅसची पिन उचलली गेली असण्याची जास्त. आता तिसरी जोडी म्हणजे बोर्डवरची तिसरी चिप असं मात्र धरू नकोस, बनवणाऱ्याने ट्रेस सोयीने नेलेले असतात. डेस्कटॉप चालू ठेवून प्लॅस्टिकच्या काडीने एकेका चिपची कड हलकेच दाब. हलकेच! जी दाबल्यावर रेघा गायब होतील ती.

निवांत
ह्या माणसाने रेघा मोजून पिन सांगितली. दंडवत.

जुनाडबा
सापडली!! बोर्डाच्या कडेची चिप. दाबलं की स्क्रीन एकदम स्वच्छ, सोडलं की रेघा परत. बंद करून भिंगाखाली बघितलं तर एका बाजूच्या मधल्या दोन पायांखाली केसाएवढी फट आहे, आणि चिपच्या वरच्या कोपऱ्याला ओरखडा, म्हणजे तुम्ही म्हणालात तसं वर दुसरं काहीतरी ठेवलेलं असणार. डेटाशीटशी ताडलं, त्यातला एक पाय वरच्या कॅसचाच आहे.

सोल्डरसम्राट
फ्लक्स भरपूर, सोल्डरिंग आयर्नचं टोक बारीक, नवीन सोल्डर अगदी नखभर. पाय खाली ढकलू नकोस, या चिपांचे पाय आत वळलेले असतात, बोर्डावरचा तांब्याचा पॅड सुटून येतो. सोल्डर स्वतःच फट भरेल. झाल्यावर मल्टीमीटरने पाय ते पॅड आणि शेजारचे दोन पाय एकमेकांत, दोन्ही तपास.

आकडेमोड
माझ्या थ्रीडीमार्कने हे कळलं नसतं, मान्य.

जुनाडबा
सोल्डर करून झालं. रेघा गेल्या. रात्रभर चालू ठेवलं, गरम झाल्यावर पण काही नाही. एनव्ही१ ची पँझर ड्रॅगून मिळाली ती टाकली, सुरू झाली, आणि काय सांगू, दिसतंच वेगळं, फ्रेमरेट आजच्या मानाने काहीच नाही पण टेक्श्चर वळणाऱ्या भागांवर ज्या पद्धतीने बसतं ते व्हूडूवर कधी बघितलेलं नाही. साउंड कार्डातूनच येतोय. दुसरी पट्टी लावून सॅटर्नचा पॅड पण जोडला, पहिला सॉकेट चालतो, दुसरा पॅड ओळखत नाही.

चौकोनी
अभिनंदन! दुसऱ्या सॉकेटसाठी पॅड अदलाबदल करून बघा, मग रिबनचे दोन्ही टोकांचे दाबून बसवलेले कनेक्टर. नऊच्या नऊ वायरी सॉकेट ते कार्ड अशा मोजून घ्या, बरेचदा कडेची वायर सुटलेली असते.

आणि ती रॉमची फाइल आणि ड्रायव्हरची आवृत्ती इथे नोंदवून ठेवा, सोबत चिपचा तारखेचा नंबर आणि बोर्डवर मागे जो काही छापील नंबर असेल तो. पुढच्याला कोणाला नाव नसलेला बोर्ड मिळाला तर ताडायला काहीतरी हवं.

जुनाडबा
बोर्डच्या मागचा नंबर उद्या फोटोसकट टाकतो, त्यातला एक आकडा स्टिकरच्या गोंदाखाली आहे, तो आधी साफ करावा लागेल. रिबनचं तुम्ही म्हणालात तेच निघालं, शेवटची वायर कनेक्टरमध्ये बसलीच नव्हती. दाबून बसवली, दोन्ही पॅड चालतायत.